पायलट स्वतःची फजिती हसत सांगतात, मग आपण का लपवतो?

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत मी दिवाळ्याच्या मासळी बाजारातली एक गोष्ट अर्धी सांगून सोडली होती. व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला होता, कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती, आणि खरं सांगायचं तर पुढचं बोलायला मला जरा जड जात होतं. बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, पुढे काय झालं? आणि त्यात ते पायलट कुठून आले?" तर आज सगळं लिहून टाकतो. चहा घेऊन बसा, लेख मोठा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिवाळे म्हणजे नवी मुंबईत बेलापूरजवळ, खाडीला लागून असलेलं कोळ्यांचं गाव. नावावरून विनोद करायचा मोह बाहेरच्या प्रत्येकाला होतो. मलाही झाला. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "गावाचं नाव दिवाळे आणि मी इथे धंदा शिकवायला आलोय." पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी लगेच सुनावलं, "सर, नाव दिवाळे असलं तरी आमच्यात दिवाळं कुणाचं निघालं नाय. तुम्ही आपलं शिकवा." त्या दिवसापासून तो विनोद बंद.

आमची बॅच बावीस जणांची. निम्म्याहून जास्त मासळी विकणाऱ्या बायका, एक बर्फाचा टेम्पोवाला, एक खानावळ चालवणारे काका, एक वडापावची गाडी, आणि मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरपोच मासळी देणारी एक चुणचुणीत मुलगी. वर्ग गुरुवारी संध्याकाळी, कारण गुरुवारी गिऱ्हाईक कमी. रविवार, बुधवार, शुक्रवारी कुणाला बोलावून बघा, शिव्याच खाल.

टाळ्यांचा घोटाळा

माझी एक पद्धत होती. प्रत्येक वर्गाची सुरुवात "या आठवड्याचा विजय" सांगून करायची. कुणी म्हणायचं, सुरमईचा भाव चांगला मिळाला. कुणी म्हणायचं, एका हॉटेलची रोजची ऑर्डर लागली. मग सगळ्यांनी टाळ्या. अनेक वर्षं सगळीकडे मी हेच केलं. वातावरण छान राहतं, लोक खुलतात, असं मीच इतर ट्रेनर लोकांना सांगत फिरायचो.

एका रविवारी सकाळी बाजार भरलेला असताना एक तरुण आला. नीटनेटके कपडे, गोड बोलणं. आमच्या त्याच मावशींकडून त्याने पापलेट आणि मोठी कोळंबी घेतली, ३,२०० रुपयांची. कोड स्कॅन केल्यासारखं केलं, मोबाइलचा स्क्रीन दाखवला, त्यावर हिरवी खूण आणि आकडा. मावशींनी मान हलवली, तो पिशवी घेऊन गेला. रात्री मुलाने हिशेब बघितला तेव्हा ते पैसे आलेच नव्हते. मावशींनी मुलाला सांगितलं, "उधार दिलंय ओळखीच्याला." आणि गप्प बसल्या.

बुधवारी तोच तरुण परत आला. या वेळी बाजूच्या पाटावर, दुसऱ्या मावशींकडे. ४,५०० रुपये. तीच हिरवी खूण.

दोघी वीस वर्षं शेजारी बसतात. एकीला बाथरूमला जायचं असलं की दुसरी तिची मासळी विकते आणि पैसे तिच्या डब्यात टाकते. गुरुवारी वर्गात दुसऱ्या मावशी रडत सगळं सांगत होत्या, आणि त्या तरुणाच्या शर्टाचा रंग सांगितला तेव्हा पहिल्या मावशींच्या तोंडून निघून गेलं, "तोच मेला!" वर्ग शांत. मग दुसऱ्या मावशींनी एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

पुढच्या गुरुवारी दोघी वर्गाच्या दोन टोकांना बसल्या. बाजारात दोघींच्या पाटांच्या मध्ये बर्फाची थर्माकोलची पेटी आली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण मधल्या गुरुवारी, म्हणजे पैसे बुडण्याच्या आधी जो वर्ग झाला, त्यात याच पहिल्या मावशींच्या "विजयाला" मी सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. ज्या खोलीत दर आठवड्याला फक्त जिंकलेल्यांना टाळ्या मिळतात, तिथे "मी फसले" कोण म्हणणार? ती खोली मीच तशी केली होती.

आता पायलट

माझी एक जुनी सवय आहे. लोकलमध्ये मी धंद्याची पुस्तकं वाचत नाही, पायलट लोकांच्या आठवणी वाचतो. विमानाचं तिकीट काढायला पैसे नव्हते तेव्हापासूनची ही सवय. आता तर खाडीपलीकडेच विमानतळ झालाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरमध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. बाजारातली पोरं मान वर करून विमानं बघतात, मांजरं मात्र मासळीवरून नजर हलवत नाहीत.

या आठवणींमध्ये एक गंमत आहे. पायलट कितीही मोठा असो, त्याच्या सगळ्यात चांगल्या गोष्टी फजितीच्या असतात. कुठे वाट चुकलो, कुठे पेट्रोल संपलं, कुठे भलत्याच धावपट्टीवर उतरलो. आणि सांगण्याची पद्धत अशी, की तुम्ही हसता हसता शिकून जाता. अमेरिकेतल्या 'फ्लाइंग' मासिकात तर १९३९ पासून याचं एक सदरच आहे. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, की उडण्याबद्दल मी त्या प्रसंगातून शिकलो. पायलट स्वतः लिहितो, माझी चूक ही, मी वाचलो तो असा. वर्षानुवर्षं लोकांनी ते चवीने वाचलं. त्याची पुस्तकंही निघाली.

आपल्याकडच्या गोष्टी काही कमी नाहीत. १९३० सालची बघा. आगा खान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं: इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने, एक महिन्याच्या आत उडून दाखवणाऱ्या पहिल्या भारतीयाला. तिघे निघाले. मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाला नाव दिलं 'मिस इंडिया'. ते वाटेत इतक्यांदा भरकटले, की लंडनच्या एका विमान मासिकाच्या संपादकाने लिहून टाकलं, नाव अगदी बरोबर ठेवलंय, हा गडी इंडिया मिस करणार असं दिसतंय! ते पोचले खरे, पण मुदतीत नाही.

दुसरे आपले जे. आर. डी. टाटा, वय २५, कराचीहून इंग्लंडकडे. तिसरा अस्पी इंजिनिअर, वय १७, उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीर इथे जेआरडी उतरले तर अस्पी तिथे अडकलेला. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते आणि जास्तीचे जवळ नव्हते. जेआरडींकडे होते. त्यांनी काढून दिले. अस्पीने बदल्यात आपलं समुद्रावर उडताना घालायचं लाइफ जॅकेट दिलं. आणि शेवटी शर्यत कुणी जिंकली? अस्पीने, थोड्याच तासांच्या फरकाने! हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट मी अनेक वर्षं "स्पर्धकालाही मदत करा" म्हणून सांगायचो. श्रोते भारावून जायचे. आता मला वाटतं, त्यात त्याहून कामाची गोष्ट वेगळीच आहे: एकाने जास्तीचे प्लग बरोबर घेतले होते, दुसऱ्याने नव्हते. अर्थात ज्याने घेतले तोच हरला, त्यामुळे ट्रेनरची पंचाईत होते, ते सोडा.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडींनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला विमान आणलं. अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल आलं ते बैलगाडीतून. विमानात रेडिओ नाही. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, म्हणून पुढे पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला येरवड्याला हलवावा लागायचा. हे सगळं असूनही ती टपालसेवा वेळेवर चालण्यासाठी नाव मिळवून गेली. मला यातली बैलगाडी फार आवडते. आपल्याकडे एखादा म्हणतो, "सर, माझ्याकडे नीट सेटअप नाही," तेव्हा मी त्याला ती बैलगाडी दाखवतो.

लंडीखाना

पण दिवाळ्यात मी जी गोष्ट सांगितली ती यातली नव्हती. ती ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांची. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळ त्यांचं निधन झालं, तेव्हा पेपरात आलं होतं, वाचलं असेल.

१९६५ च्या युद्धात खांद्याला गोळी लागलेली असताना त्यांनी विमान परत आणलं होतं. १९७१ च्या युद्धात, १० डिसेंबरला, त्यांचं सुखोई विमान पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते पकडले गेले. त्याआधीच ते आपल्या वरिष्ठांना म्हणून बसले होते, की मी कधी कैदी झालोच तर पळून येईन. आता बोललेलं करून दाखवायची वेळ आली.

रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक कैदी होते. पारुळकरांनी पळायचा बेत काय आखला होता म्हणून सांगू! खोलीच्या भिंतीच्या विटा रात्री थोड्या थोड्या मोकळ्या करायच्या आणि दिवसा दिसू द्यायच्या नाहीत. सुईला चुंबक करून होकायंत्र बनवलं. कैद्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यातून पैसे साठवले. नावं ठरवली, कोण कुठला ते ठरवलं. पारुळकर झाले फिलिप पीटर! महिनोन्महिने तयारी. १२ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्री, वादळात, पहारेकरी आडोशाला गेल्यावर तिघे बाहेर पडले: पारुळकर, ग्रेवाल आणि हरिश सिंहजी. भारताच्या दिशेने जाणार असं सगळे धरून चालतील, म्हणून हे गेले उलट, अफगाणिस्तानकडे. बसने पेशावर, पुढे जमरूद, तिथून खैबर खिंडीत लंडीकोतल. सरहद्द आता साधारण चार मैलांवर. यांच्या पलायनावर फेथ जॉन्स्टन यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नावच 'फोर माइल्स टू फ्रीडम' आहे.

आणि तिथे, इतकं सगळं जमल्यावर, त्यांनी लोकांना विचारलं: लंडीखान्याला कसं जायचं?

नकाशात लंडीखाना होतं. रेल्वेचं शेवटचं स्टेशन, सरहद्दीला लागून. फक्त एक गोष्ट नकाशाला माहीत नव्हती. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालं होतं! म्हणजे जेआरडी जुहूला टपाल घेऊन उतरले त्याच वर्षी. चाळीस वर्षं तिथे गाडी गेलेली नाही, आणि हे तीन परके लोक तिथे जायची टॅक्सी विचारतायत. सरहद्दीला जाणारा माणूस तोरखमचं नाव घेतो. तहसीलदार कचेरीतल्या एका कारकुनाला शंका आली. त्याला वाटलं हे पळून चाललेले बंगाली आहेत, कारण बांगलादेश झाल्यानंतर बरेच बंगाली त्याच वाटेने निसटत होते. धरलं तिघांना.

तरी पारुळकरांचं डोकं थांबलं नाही. ते म्हणाले, पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी उस्मान हमीद यांना फोन लावा. हे उस्मान हमीद आधी यांच्याच छावणीचे प्रमुख होते! त्यांना फोन गेला, त्यांनी ओळखलं, आणि सांगितलं, यांना हात लावू नका. त्या फोनमुळे तिघे जिवंत राहिले असं म्हणायला हरकत नाही. डिसेंबर १९७२ च्या सुरुवातीला सगळे वाघ्यावरून घरी आले.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा लोक आधी श्वास रोखून आणि लंडीखान्याला एकदम हसून! खानावळवाले काका म्हणाले, "म्हणजे माझं कार्ड." त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर पत्ता छापलाय, अमुक बँकेसमोर. बँक तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेली. नवीन गिऱ्हाईक बँकेच्या नव्या जागेसमोर उभं राहून काकांना फोन करतं, काका म्हणतात बँकेसमोरच आहे, ते म्हणतं मी बँकेसमोरच उभाय. बॅच बसल्यापासून काकांनी स्वतःची फजिती सांगितली ती ही पहिली. टाळ्या मिळाल्या नाहीत, पण हशा मिळाला, आणि त्यांना तो आवडला असं दिसलं.

आत काय दिसतं

या गोष्टींमध्ये एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा कळली. चांगला पायलट गोष्ट सांगताना "मी मूर्खपणा केला" असं म्हणून सोडत नाही. तो सांगतो, की त्या क्षणी मला समोर काय दिसत होतं आणि ते मला बरोबर का वाटलं. बाहेरून बघणाऱ्याला चूक चूक दिसते. आत बसलेल्याला ती अगदी शहाणपणाची दिसत असते. पारुळकरांच्या हातात नकाशा होता. नकाशा बघून रस्ता विचारणं हा मूर्खपणा नाही!

कॅनडातली एक गोष्ट याच जातीची. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७. त्या कंपनीची बाकीची विमानं इंधन पाउंडात मोजायची, हे नवीन विमान किलोत. त्या दिवशी इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून हिशेब केला. हवं होतं २२,३०० किलो. हिशेबात जुना, सवयीचा पाउंडाचा आकडा वापरला गेला, आणि विमान निघालं २२,३०० पाउंड घेऊन. म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर दोन्ही इंजिनं बंद! कॅप्टन बॉब पीअरसन यांना बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायचा छंद होता म्हणून निभावलं. गिम्ली नावाच्या जुन्या, बंद हवाई तळावर विमान तरंगत उतरवलं. त्या तळाची आता मोटार शर्यतीची धावपट्टी झाली होती आणि त्या दिवशी लोक बायकापोरांसह तिथे जमले होते. विमानातल्या ६९ जणांत कुणाला गंभीर इजा झाली नाही. दुरुस्तीला निघालेल्या मेकॅनिकांच्या गाडीचं पेट्रोल वाटेत संपलं असंही सांगतात. खरं असो नसो, मला ते खरं असावंसं वाटतं.

यावर वर्गात घरपोच मासळी देणारी मुलगी बोलली. बाजारात बोंबील, मांदेली वाट्याने विकतात, हॉटेलवाले किलोने मागतात, आणि तिच्या मोबाइलवरची गिऱ्हाइकं "दोघांपुरतं" मागतात. एकदा हॉटेलवाल्याने "दहा" लिहिलं, तिने दहा वाटे पाठवले, त्याला हवे होते दहा किलो. संध्याकाळी त्याचं हॉटेल भरलेलं आणि बोंबील संपलेले. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

तेव्हा मला माझा डबा सांगावाच लागला. चॅनेलवर हे मी कधी बोललेलो नाही.

ट्रेनर होण्याआधी मी मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे पुरवायचो. एका दिवाळीला एका फरसाणवाल्याने ऑर्डर दिली, अर्धा किलोचे ३,००० डबे. मी अर्ध्या किलोचा डबा म्हणजे काय हे झोपेत सांगू शकत होतो, कारण वर्षभर पेढेवाल्यांना तोच देत होतो. छापून दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. त्या डब्यात चिवडा भरला तर दोनशे ग्रॅमसुद्धा बसेना! अर्धा किलो पेढे आणि अर्धा किलो चिवडा यांचं आकारमान किती वेगळं असतं हे शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही, कारण त्या क्षणी "अर्धा किलोचा डबा" हे शब्द ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात पेढ्याचा डबा उभा राहिला आणि पुढचा प्रश्न विचारायची गरजच वाटली नाही. ३८,००० रुपये गेले. घरी मी सांगितलं, पार्टीने पैसे बुडवले. पार्टीने काही बुडवलं नव्हतं. अकरा वर्षं तेच सांगत आलो.

वर्ग इतका हसला, की बाहेरचा चहावाला आत डोकावला. आणि हशा ओसरल्यावर, न विचारता, पहिल्या मावशी उठल्या.

त्या म्हणाल्या, "मी सांगते त्या दिवशी काय झालं." आणि सांगितलं. समोर तीन गिऱ्हाइकं थांबलेली. हात ओले, खवल्यांनी भरलेले. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, बाहेर काढला तर खराब होणार. पैसे आले की बोलणारा साउंडबॉक्स रात्री चार्ज करायचा राहिला होता, तो सकाळपासून मुका. मग त्या पोराने हिरवी खूण दाखवली. "मना वाटलं, डब्बा बंद हाय म्हणून बोलला नाय. पैसं तं आलंच असणार." अगदी बरोबर होतं त्या क्षणी. मग त्या दुसऱ्या मावशींकडे बघून म्हणाल्या, "तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली. एवढी वर्षं धंदा करते आन् पोरगं फसवून गेलं."

दुसऱ्या मावशी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माजा पण डब्बा बंदच होता."

वही

विमानवाल्यांनी या सांगण्याची सोय लावून ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाने 'टी एम' नावाचं मासिक काढलं होतं. त्यात पायलट ऑफिसर प्रून नावाचं एक काल्पनिक येडं पात्र असायचं, चित्रांसकट. प्रशिक्षणातली प्रत्येक चूक हा प्रून करायचा, आणि खऱ्या वैमानिकांनी काही घोटाळा केला की त्यांना गंमतीची पदकं जाहीर व्हायची. पोरं पोट धरून हसायची आणि ती चूक लक्षात ठेवायची. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे: आपली चूक दहा दिवसांच्या आत लिहून पाठवा, तर सहसा त्या चुकीचा दंड माफ होतो. मुद्दाम केलेलं किंवा अपघात झालेला असेल तर नाही. आणि हे पत्र दंड करणाऱ्या सरकारी खात्याकडे जात नाही, नासाकडे जातं. ते नावगाव काढून टाकतात आणि त्यातल्या निवडक गोष्टी सगळ्या वैमानिकांना वाचायला देतात.

हे मला पटलं. चूक मालकाला सांगायची नाही, तिसऱ्याला सांगायची. दिवाळ्यात आम्ही तेच केलं. एक दोनशे पानी वही आणली. ती बाजार समितीकडे नाही, माझ्याकडेही नाही, चहावाल्याकडे ठेवली. नाव लिहायचं नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने चहावाल्याच्या मुलीला सांगायचं, ती दहावीत आहे, अक्षर छान आहे. लिहायचं काय? किती गेले, कधी गेले, आणि त्या क्षणी मला काय बरोबर वाटलं. पुढे काय करायला हवं होतं ते लिहायचं नाही. ते वाचणारा आपला आपण काढतो. गुरुवारी वर्गाच्या सुरुवातीला मी एक पान वाचून दाखवतो. टाळ्यांचा कार्यक्रम बंद केला. एकदोघांना वाईट वाटलं, त्यांचे विजय खरंच छान असायचे.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दोन जणांनी वर्ग सोडला. एकाने सरळ सांगितलं, आपली फजिती चहावाल्याकडे ठेवायला मी येत नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, गाव लहान आहे, नाव नसलं तरी "टेम्पो बंद पडला आणि बर्फ वितळला" हे कोण असेल ते सगळ्यांना कळतंच. बर्फवाला स्वतःच आता सांगत सुटलाय, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

तो तरुण परत एकदा आला होता. शुक्रवारी, खानावळवाल्या काकांकडे. काकांनी स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "छान आहे. आता आमचा डब्बा बोलला की थाळी मिळेल." डबा बोलला नाही. तरुण रेंज बघायला बाहेर गेला तो गेलाच. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

वहीत आत्तापर्यंत १९ पानं भरली आहेत. बाजारातली ती थर्माकोलची पेटी अजून दोघींच्या मध्येच आहे. पण रात्री साउंडबॉक्स घरी नेऊन चार्ज करायचं काम आता पहिल्या मावशींचा मुलगा करतो, दोघींचे.

वर्गाने माझ्याकडे एक मागणी केली आहे: तो पेढ्याचा डबा प्रत्यक्ष दाखवा. तीन हजारांतला एक घरी शिल्लक आहे, बायको त्यात सुया-दोरे आणि बटणं ठेवते. अकरा वर्षांत तिला मी त्याची खरी गोष्ट सांगितलेली नव्हती, ती या रविवारी सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं." गुरुवारी डबा घेऊन जातोय. चिवडा त्या मावशी आणणार आहेत.